मयताची मिळकत आणि कौंटीचे दप्तर



अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मरण पावलेल्या मनुष्याच्या मृत्यूची नोंद कशी शोधावी, आणि त्याच्या पश्चात त्याच्या मिळकतीची जी व्यवस्था लागली तिचे कागद कोठे पाहावेत, हा विषय मी आजच्या व्याख्यानासाठी कळविला तेव्हा या मालेच्या चालकांना थोडे नवल वाटले असावे. कारण स्मृतिव्याख्यानाच्या पीठावरून संतवाङ्मय, इतिहास किंवा अर्थकारण यांवर बोलावे असा आपल्याकडील रिवाज आहे, परदेशातील कचेऱ्यांच्या जाबत्यावर बोलण्याचा नाही. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्यांनी हयातभर जुन्या कागदांचीच सेवा केली, आणि आता आपल्यातील पुष्कळ घराण्यांची एखादी शाखा समुद्रापलीकडे रुजून तेथेच दोन-तीन पिढ्या नांदून राहिल्यामुळे तेथील दप्तरांशी आपला संबंध केवळ जिज्ञासेचा राहिलेला नाही. शिवाय, दप्तर कोठलेही असो, ते का निर्माण झाले याचा उलगडा झाला की ते कोठे सापडेल याचाही उलगडा होतो, असे माझे मत आहे. आणि त्या मताच्या कसोटीसाठी अमेरिकेतील कौंटीचे दप्तर हे फार उत्तम उदाहरण आहे.

संशोधकाच्या सोयीसाठी म्हणून कोणताही सरकारी कागद जन्मास आलेला नाही. कोणाला तरी कर वसूल करावयाचा होता, कोणाचे तरी येणे बुडत होते, कोणाचा तरी हक्क नाकारला जात होता, म्हणून तो लिहिला गेला. आपल्याकडील जुन्या घराण्यांच्या वंशावळी कोणी हौसेने जपल्या असतील त्या असोत, पण ज्या विश्वासाने वापरता येतात त्यांतील कितीतरी वतनाच्या तंट्यांतून आणि इनामाच्या चौकशीतून आपल्या हाती आल्या आहेत. १८५२ साली इनाम कमिशन बसले नसते, तर सनदा आणि कैफियती धुंडाळून कमिशनच्या साहेबापुढे मांडण्याची यातायात किती घराण्यांनी केली असती, याची शंकाच आहे. जेथे भांडण तेथे कागद, हा न्याय मुळा-मुठेच्या काठी जितका खरा तितकाच पोटोमॅकच्या काठीही खरा आहे.

आता कौंटी म्हणजे काय, हे प्रथम पाहू. प्रत्येक संस्थानाचे, म्हणजे तेथील भाषेत स्टेटचे, जे जिल्हावजा विभाग पाडलेले आहेत त्यांस कौंटी म्हणतात. सगळ्या देशात त्या तीन हजारांहून अधिक आहेत, आणि एकट्या टेक्ससमध्ये २५४ आहेत. कौंटीच्या मुख्य गावी न्यायालयाची इमारत असते, आणि तिच्यात जमिनीची खरेदीखते, विवाहांचे परवाने, मृत्युपत्रे आणि मिळकतीच्या कारभाराचे रुमाल ठेवलेले असतात. मात्र हा नियम सर्वत्र सारखा नाही. लुइझियानात कौंटीला पॅरिश म्हणतात; मॅसॅच्युसेट्समध्ये मृत्यूची नोंद गावाच्या कारकुनाकडे आणि मिळकतीचे काम मात्र कौंटीच्या प्रोबेट कोर्टात; ऱ्होड आयलंडमध्ये दोन्ही गावाकडेच; आणि कनेक्टिकटमध्ये तर १९६० साली कौंटीचा राज्यकारभारच मोडीत निघाला असून प्रोबेटची क्षेत्रे तेथे पूर्वीपासूनच निराळी आहेत. ज्या न्यायासनापुढे मिळकतीचे काम चालते त्याचे नावही ठिकठिकाणी बदलते: न्यूयॉर्कात ते सरोगेट कोर्ट, पेनसिल्व्हेनियात ऑर्फन्स कोर्ट, जॉर्जियात एके काळी कोर्ट ऑफ ऑर्डिनरी, कॅलिफोर्नियात सुपीरियर कोर्ट. नवखा मनुष्य न्यूयॉर्कच्या एखाद्या कौंटीत प्रोबेट कोर्टाची पाटी शोधीत फिरतो आणि समोरच्या सरोगेटच्या दारावरून तसाच पुढे निघून जातो.

मृत्यूची सरकारदरबारी नोंद ही गोष्ट आपण समजतो तितकी जुनी नव्हे. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६३९ सालीच जन्म, विवाह आणि मृत्यू टिपून ठेवण्याचा कायदा केला होता खरा, पण संबंध संस्थानासाठी शिस्तवार नोंदणी तेथेही १८४१ पासून सुरू झाली, आणि तीत सुधारणा घडवून आणण्यात बोस्टनच्या लेम्युएल शॅटकचा वाटा मोठा होता. याच गृहस्थाने १८३९ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या आणि १८४५ साली न्यू इंग्लंडच्या वंशेतिहास-संस्थेच्या स्थापनेस हातभार लावला. म्हणजे मेलेल्यांची संख्या मोजणारे आणि मेलेल्यांची नावे शोधणारे, हे दोन्ही पंथ एकाच माणसाच्या अंगणात वाढले. मृत्यूच्या नोंदणीमागील मुख्य प्रेरणा सार्वजनिक आरोग्याची होती: पटकी कोणत्या वस्तीत पसरली, क्षयाने किती दगावले, हे राज्यकर्त्यांस कळावे म्हणून मरणाचे कारण लिहिले जाऊ लागले. संघसरकारने १८८० साली नोंदणीक्षेत्र म्हणून जो प्रदेश मान्य केला त्यात मॅसॅच्युसेट्स, न्यूजर्सी, राजधानीचा कोलंबिया जिल्हा आणि काही शहरे एवढेच होते. आणि टेक्सस सामील होऊन त्या क्षेत्रात सगळा देश यावयास १९३३ साल उजाडावे लागले.

म्हणून शोधकर्त्याने पहिला प्रश्न विचारावा तो असा की, ज्या वर्षी तो मनुष्य वारला त्या वर्षी तेथे नोंद ठेवण्याचा कायदा होता काय? व्हर्जिनियाने १८५३ पासून मृत्यू नोंदविले, १८९६ साली ते काम सोडून दिले आणि १९१२ साली पुन्हा हाती घेतले. त्या मधल्या सोळा वर्षांत मेलेल्या माणसाचा दाखला मागणाऱ्यास कचेरीतून नकार आला तर त्यात कारकुनाची कुचराई नाही. पेनसिल्व्हेनियात १८९३ ते १९०५ पर्यंतच्या नोंदी कौंटीकडे आणि १९०६ पासूनच्या संस्थानाकडे, इलिनॉयमध्ये कौंटीच्या नोंदी १८७७ च्या अखेरीपासून, संस्थानाच्या १९१६ पासून, जॉर्जियात १९१९. याच्या मागे जावयाचे तर १८५०, १८६०, १८७० आणि १८८० च्या शिरगणतीबरोबर घेतलेली मृतांची यादी पाहावी, जीत त्या वर्षीच्या १ जूनपूर्वीच्या बारा महिन्यांत मेलेल्यांची नावे घरोघर विचारून लिहिली आहेत. म्हणजे दहा वर्षांपैकी एकाच वर्षाचे मृत्यू तीत सापडावयाचे, बाकीच्या नऊ वर्षांचे नाहीत.

दाखला हाती आला म्हणजे तो सगळा सारख्याच विश्वासाने वाचू नये. मृत्यूची तारीख, ठिकाण आणि कारण हे वैद्याने किंवा दफन करणाऱ्याने लिहिलेले असते, आणि ते लिहिणाऱ्यास प्रत्यक्ष ठाऊक असते. पण मयताचे जन्मगाव, त्याच्या आईचे माहेरचे आडनाव, त्याच्या बापाचा मुलूख, हे सारे खबर देणाऱ्याच्या तोंडून आलेले असते, आणि तो खबर देणारा बहुधा शोकाकुल मुलगा किंवा जावई, नाहीतर ज्याच्या घरी मयत भाड्याने राहत होता तो घरमालक असतो. सासऱ्याच्या आजोळाचे नाव ऐनवेळी अचूक सांगणारे जावई आपल्याकडे किती निघतील याचा विचार ज्याने त्याने करावा.

थडग्याची शिळा हाही पुरावाच, परंतु तो जपून घ्यावा लागतो, आणि याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. न्यूयॉर्क संस्थानातील डचेस कौंटीच्या पोकिप्सी गावी, तेथील ग्रामीण स्मशानभूमीत कारपेंटर कुटुंबाच्या जागेत डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाची शिळा आहे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेऊन त्या स्वदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास निवर्तल्या; ज्या कारपेंटरबाईंनी त्यांना लेकीप्रमाणे घरी ठेवून घेतले होते त्यांच्याकडे आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांनी रक्षा पाठविली आणि ती त्या कुटुंबाच्या जागेत विसावली. आता आनंदीबाईंचे नाव ठाऊक नसलेला एखादा अमेरिकन वंशशोधक ही शिळा पाहून डचेस कौंटीत १८८७ चा मृत्यू शोधू लागला, तर त्याला नोंद मिळणार नाही, आणि मिळण्याचे कारणही नाही. शिळा जेथे उभी असते तेथेच मृत्यू घडला असे नसते. आणि मृत्यू जेथे घडला तेथेच मिळकतीचे कागद असतात असेही नसते.

या दुसऱ्या गोष्टीचे उदाहरण अब्राहम लिंकन यांचे घ्यावे. १५ एप्रिल १८६५ रोजी ते राजधानीत वॉशिंग्टन येथे वारले. परंतु त्यांच्या मिळकतीचा कारभार चालला तो इलिनॉयमधील सँगामन कौंटीत, स्प्रिंगफील्ड गावी, कारण त्यांचा कायम निवास तेथला धरला गेला. पेशाने वकील असलेल्या या माणसाने मृत्युपत्र केले नव्हते, हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटते. वकिलांच्या ओळखीचा ज्यांना अनुभव आहे त्यांना ते तितकेसे वाटणार नाही. मृत्युपत्र नसल्यामुळे कोर्टाने कारभारी नेमले ते लिंकन यांचे जुने स्नेही आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस यांना, आणि १८६७ च्या अखेरीस १ लाख १० हजार डॉलरांहून अधिक रकमेचे तीन समान भाग होऊन ते विधवेस आणि रॉबर्ट व टॅड या दोन मुलांस मिळाले. त्याच लिंकन यांचा जन्म शोधणाऱ्याने केंटकीतील लरू कौंटीत जावे, की हार्डिन कौंटीत? आजच्या नकाशावर ती जागा लरू कौंटीत आहे. पण ती कौंटी हार्डिनमधून १८४३ साली निघाली आणि लिंकन जन्मले १८०९ साली, तेव्हा त्या काळचे कागद हार्डिनच्या न्यायालयातच शोधले पाहिजेत. कौंट्या फुटत जातात, जुने दप्तर मात्र आईकडेच राहते; म्हणून नकाशा पाहावयाचा तो आजचा नव्हे, मृत्यूच्या वर्षाचा.

मिळकतीचे कागद मृत्यूच्या नोंदीहून कितीतरी जुने आणि कितीतरी बोलके असतात, आणि याचे कारण मघाशी सांगितलेल्या सूत्रातच आहे. माणूस कशाने मेला याची चिंता सरकारला एकोणिसाव्या शतकात लागली. मेलेल्याचे देणे कोण फेडणार, ही चिंता सावकाराला पहिल्यापासूनच होती. प्रोबेट म्हणजे वारसांना संपत्ती वाटून देण्याचा विधी, असा आपला समज असतो. वस्तुतः तो प्रथम घेणेकऱ्यांचा विधी आहे आणि उरेल ते वारसांचे. म्हणून रुमाल सोडला की कागद ज्या क्रमाने निघतात तो क्रम धनकोच्या संशयातून ठरलेला असतो. सर्वांत वर अर्ज, ज्यात मृत्यूची तारीख, मृत्युपत्र आहे किंवा नाही, आणि वारसांची नावे, नाती व राहण्याची गावे लिहिलेली असतात. ज्याला मृत्युदाखला मिळाला नाही त्याला त्याच्या बदली हा अर्ज पुरतो, आणि लग्न होऊन दूर संस्थानात गेलेल्या लेकीचे सासरचे नाव पुष्कळदा येथेच प्रथम सापडते. मग कारभाऱ्याचा जामीनकतबा. त्याखाली जामीन राहणाऱ्यांच्या सह्या, आणि ते जामीन बहुधा विधवेचे भाऊ किंवा मयताचे मेहुणे असल्यामुळे, ज्या नात्याचा दुसरा पुरावा नाही त्याचा माग तेथून लागतो. मग ज्यांचा मिळकतीत हितसंबंध नाही अशा शेजाऱ्यांनी घरात फिरून केलेली जिनगीची याद.

ही याद एकदा तरी स्वस्थपणे वाचावी. खोलीमागून खोली, कोठारामागून कोठार असे ते शेजारी चालत गेले असावेत, कारण परांच्या गादीनंतर लगेच पितळी दिवे येतात, मग चरखा, मोडके खोगीर, कळशी, बायबल, दोन गाई, एक आंधळी घोडी, आणि प्रत्येकापुढे मोल. घरातील चुलीची जागा कोठे होती हेसुद्धा भांड्यांच्या क्रमावरून ओळखता येते. यादीनंतर लिलावाचा कागद, ज्यात विकत घेणाऱ्याचे नाव असते. आणि तेथे कित्येकदा असे दिसते की स्वतःच्या स्वयंपाकघरातील कढई विधवेनेच बोली लावून सोडवून घेतली आहे. त्याखाली पावत्या: शेवटच्या दुखण्यातील वैद्याचे बिल, त्यात औषध दिल्याच्या तारखा; शवपेटी करणाऱ्या सुताराचे बिल; कबरीच्या दगडाचे बिल. वैद्याच्या भेटी ज्या तारखेस थांबल्या आणि सुताराचे काम ज्या तारखेस लागले, त्यांच्या मधल्या एकदोन दिवसांत मृत्यू बसवावा लागतो, आणि दाखला नसलेल्या काळात तो तसा बसवता येतो. शेवटी हिशेब, वाटणीचा हुकूम, आणि अज्ञान मुले असल्यास पालकाच्या नेमणुकीचे निराळे प्रकरण. आई हयात असली तरी बाप वारलेल्या मुलाच्या मिळकतीस कोर्ट पालक नेमीत असे, हे ध्यानात न ठेवल्यास मुलगा पोरका झाला असे धरून आईचा मृत्यू उगाच शोधीत बसावे लागते.

मात्र या यादीत परांची गादी आणि आंधळी घोडी यांच्याच रांगेत, त्याच हस्ताक्षरात, माणसे लिहिलेली सापडतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबांचा इतिहास शोधताना १८७० ची शिरगणती हा एक तट लागतो. मुक्त झालेल्या बहुसंख्य स्त्रीपुरुषांची नावे तीत प्रथम लिहिली गेली. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचे नाव आहे, गुलामाचे वय, लिंग आणि वर्ण आहे, पण नाव नाही. त्या तटापलीकडे नावानिशी जावयाचे तर मालकाच्या मिळकतीच्या कागदांखेरीज फारसा मार्ग उरत नाही. म्हणजे ज्याच्या पूर्वजाला स्वतःची मिळकत नव्हती, त्याने पूर्वज शोधावयाचा तो दुसऱ्याची मिळकत म्हणून.

याचे सर्वांत प्रसिद्ध आणि माझ्या मते सर्वांत उद्बोधक प्रकरण जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरातील आहे. व्हर्जिनियातील न्यू केंट कौंटीत डॅनियल पार्क कस्टिस नावाचा श्रीमंत जमीनदार १७५७ साली मृत्युपत्र न करता वारला. मृत्युपत्र नसल्यामुळे कायद्याप्रमाणे त्याच्या विधवेला, मार्थाला, जमीन आणि गुलाम यांच्या तिसऱ्या हिश्श्याचा तिच्या हयातीपुरता उपभोग मिळाला. विकण्याचा किंवा मुक्त करण्याचा अधिकार मिळाला नाही, कारण तिच्या पश्चात तो हिस्सा कस्टिसच्या वंशजांकडेच परत जावयाचा होता. १७५९ साली तिने वॉशिंग्टन यांच्याशी विवाह केला. चाळीस वर्षांनी, ९ जुलै १७९९ रोजी वॉशिंग्टन यांनी स्वहस्ते २९ पानांचे मृत्युपत्र लिहिले, आणि त्याच सुमारास माउंट व्हर्नन येथील सगळ्या गुलामांची याद केली: एकूण ३१७, त्यांपैकी १२३ स्वतःचे आणि १५३ कस्टिसच्या हिश्श्यातले, बाकीचे बहुतेक भाड्याने घेतलेले. स्वतःच्या १२३ जणांना पत्नीच्या मृत्यूनंतर मुक्त करावे असे त्यांनी लिहिले, आणि युद्धात सतत बरोबर राहिलेल्या विल्यम ली यास तत्काळ मुक्ती व सालीना तीस डॉलरांची नेमणूक दिली. कस्टिसच्या १५३ जणांविषयी ते काहीच करू शकत नव्हते. दोन्ही बाजूंच्या माणसांत लग्ने झालेली होती, मुले झालेली होती. आणि मूल आईच्या मालकाचे धरले जात असल्यामुळे एकाच झोपडीत बाप वॉशिंग्टनचा आणि आई व लेकरे कस्टिसची असे घडत होते.

वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ रोजी वारले. मृत्युपत्र २० जानेवारी १८०० रोजी फेअरफॅक्स कौंटीच्या कोर्टात दाखल झाले. मार्थाबाईंनी आपल्या मरणाची वाट न पाहता १ जानेवारी १८०१ पासून त्या १२३ जणांना मुक्त केले. १८०२ च्या मे महिन्यात त्या वारल्या, आणि कस्टिसच्या हिश्श्यातील माणसे त्यांच्या चार नातवंडांत वाटली गेली. इलिश नावाचा एक मनुष्य तेवढा मार्थाबाईंच्या स्वतःच्या मालकीचा होता. त्याला मुक्त करण्याचा अधिकार त्यांना होता, आणि त्यांनी आपल्या मृत्युपत्रान्वये तो नातवास दिला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका माणसाने मृत्युपत्र लिहिण्याची टाळाटाळ केली, तिचा परिणाम दीडशेहून अधिक माणसांच्या कपाळी आला; आणि हा सगळा संबंध जुळविता येतो तो फेअरफॅक्सचे कागद आणि कस्टिस घराण्याचे कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर. न्यू केंट कौंटीचे दप्तर १७८७ साली आगीत गेले. घराण्याने आपल्यापाशी ठेवलेल्या कागदांमुळे कस्टिसचे प्रकरण आज वाचता येते.

आगीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. यादवी युद्धात व्हर्जिनियातील कित्येक कौंट्यांनी आपली दप्तरे सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला पाठविली, आणि एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड सोडताना जी आग लागली तीत ती सुरक्षित ठेवलेलीच जळाली; ज्यांनी हलगर्जीपणाने ती जागच्या जागी राहू दिली त्यांपैकी काहींची वाचली. वॉशिंग्टन यांचे मृत्युपत्रही रिचमंडला गेले होते, पण ते परत आले. मार्थाबाईंचे फेअरफॅक्सच्या न्यायालयातच राहिले. ते उत्तरेच्या सैन्यातील एकाने उचलून नेले, पुढे ते जे. पी. मॉर्गन यांच्या संग्रहात गेले, आणि व्हर्जिनियाने सर्वोच्च न्यायालयात दावा मांडल्यावर १९१५ साली मॉर्गन यांच्या मुलाकडून कौंटीला परत मिळाले. ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागोच्या आगीत कुक कौंटीचे, १८८४ च्या दंग्यात सिनसिनाटीचे, १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोचे दप्तर असेच गेले. तरीही दप्तर जळाले म्हणजे सर्व संपले असे समजू नये. मयताची जमीन दुसऱ्या कौंटीत असल्यास तेथे प्रोबेटचे पुरवणी प्रकरण करावे लागते आणि मृत्युपत्राची नक्कल तेथे दाखल होते. घेणेकऱ्यांसाठीची जाहीर नोटीस स्थानिक वर्तमानपत्रात छापलेली असते. आणि आगीनंतर लोक आपापली खरेदीखते पुन्हा नोंदवून घेण्यास रांगा लावीत.

सूची पाहण्याची कला हा स्वतंत्र विषय आहे. एवढेच सांगतो की पेनसिल्व्हेनियातील पुष्कळ कौंट्यांत रसेल नावाची एक पद्धत आहे, जीत आडनावाच्या आद्याक्षरानंतर एल, एम, एन, आर, टी या पाच अक्षरांपैकी जे प्रथम येईल त्यावरून पान ठरते, आणि ही गोम ठाऊक नसलेला मनुष्य जाडजूड वही समोर असून हताश होतो. सूचीत मृत्युपत्रांचे एक पुस्तक आणि मिळकतीच्या रुमालांचे दुसरे, अशी विभागणी असते. पुस्तकात जे सापडते ती कारकुनाने उतरून घेतलेली नक्कल होय, सहीसुद्धा त्याच्याच हातची, म्हणून मयताचे अक्षर किंवा त्याची निशाणी पाहावयाची असेल तर रुमालच सोडवून घेतला पाहिजे. १७५२ पूर्वीच्या कागदांत वर्ष २५ मार्चला पालटे, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतील मृत्यू मागील वर्षात लिहिलेला दिसतो. एखाद्या मुलास एकच डॉलर ठेवला असेल तर बापाचा रोष झाला असे पुष्कळ जण समजतात; बहुधा त्याला त्याचा वाटा लग्नाच्या वेळीच मिळालेला असतो, आणि आपण विसरला गेलो अशी तक्रार त्याने करू नये म्हणून तो डॉलर असतो.

या कामात अलीकडे जी सोय झाली तिचे श्रेय युटातील वंशेतिहास-संस्थेला दिले पाहिजे. तिने १९३८ पासून कौंट्यांची दप्तरे मायक्रोफिल्मवर घेतली, आणि २०२१ साली तिच्या सगळ्या मिळून सुमारे २४ लाख फिती संगणकावर आणण्याचे काम पुरे झाले. आता तिच्या फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर त्यांतील मोठा भाग घरबसल्या पाहता येतो. परंतु ज्या प्रतिमांची नामसूची अजून झालेली नाही त्यांत नाव टाकून काही निघत नाही. तेथे कौंटी, साल आणि कागदाचा प्रकार निवडून वहीची पाने एकामागून एक उलटावी लागतात, आणि हे जो करीत नाही तो ‘नोंद नाही’ असे सांगून मोकळा होतो. येथे कायद्याचीही एक गंमत आहे. अलीकडच्या मृत्यूचा दाखला पुष्कळ संस्थानांत जवळच्या नातलगासच मिळतो. पेनसिल्व्हेनियात तो पन्नास वर्षांनंतर सर्वांस खुला होतो. मिळकतीचे प्रकरण मात्र कोर्टाचे काम असल्यामुळे सामान्यतः कोणासही पाहता येते, आणि त्यात मृत्युदाखल्याची नक्कल जोडलेली असण्याचा संभव असतो. म्हणजे जे दार आरोग्यखात्याने लावून घेतले ते कोर्टाने उघडे ठेवले आहे.

आपल्या मंडळींपैकी ज्यांचा चुलता किंवा आत्या तेथे वारली आणि गावी वडिलार्जित जमिनीत त्या मयताचा हिस्सा होता, त्यांना हे कागद हौसेखातर नव्हे तर तलाठ्यापुढे ठेवण्यासाठी लागतात. मृत्युदाखल्याची सहीशिक्क्याची नक्कल घेऊन तिच्यावर तेथील संस्थानाच्या सचिवाचे अपोस्टिल नावाचे प्रमाणपत्र घ्यावे. २००५ पासून भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात असल्यामुळे तेवढे पुरते. आपल्या १९२५ च्या वारसा कायद्याच्या पाचव्या कलमाचे तत्त्व असे आहे की भारतातील स्थावराचा वारसा, मनुष्य कोठेही मरो, येथील कायद्याने ठरावा, आणि जंगमाचा वारसा त्याच्या अधिवासाच्या देशातील कायद्याने. म्हणून कौंटी कोर्टाने दिलेले अधिकारपत्र साताऱ्याच्या शेतापुढे आपोआप चालेल असे समजून कोणी विमानात बसू नये.

आणि हल्ली तर अमेरिकेत पुष्कळ सधन लोक हयातीतच मिळकत विश्वस्तनिधीत घालून ठेवतात, बँकेच्या खात्यास वारस नेमून ठेवतात, मग मृत्यूनंतर कोर्टात जाण्याचे कारणच उरत नाही. अर्ज नाही, याद नाही, रुमाल नाही. अशा घराच्या वारसांची नावे ज्याला हवी आहेत त्याने आधी इकडे, मूळ गावी जावे. सामाईक जमिनीत त्या मयताचे नाव असेल तर सातबारावर ते केव्हा ना केव्हा कमी करावेच लागते, आणि ते कमी करताना गाव नमुना सहा-क या वारस नोंदवहीत, आणि मग नमुना सहाच्या फेरफारात, न्यूजर्सीतील लेकीचे आणि टेक्ससमधील नातवाचे नाव नात्यासकट लिहिले जाते.